आधी तुम्ही

इरज आगांनी दुरुस्त केलेल्या घड्याळावर अख्खं इस्फहान डोळे मिटून विश्वास टाकायचं. खुद्द इरज आगांना मात्र शीराझच्या रस्त्याला लागलं की श्वास घेता येत नसे. शहराची वेस ओलांडली रे ओलांडली की छाती आवळायची, हात गार पडायचे आणि गाडी मागे फिरायची. बसमध्येही तेच. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि मेहरनूश नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा पत्ता दिला. शीराझला मुलीला मुलगी झाली होती. नात तीन महिन्यांची झाली तरी आजोबांनी तिला फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. तिच्यापायी ते तयार झाले, नाहीतर वेड्यांच्या डॉक्टरकडे जायला ते काही वेडे नव्हते.

पहिल्या मंगळवारी त्यांचा नंबर आला, तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे मागून आलेल्या एका बाईंना 'आधी तुम्ही' म्हटलं. बाई म्हणाल्या, छे, तुम्हीच. आगांनी स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. बाईंनी आपल्या मुलांची घातली. हा तारोफ, म्हणजे इराणी रिवाजातली तोंडदेखली आदब, पंधरा मिनिटं चालला. शेवटी नावं लिहून घेणाऱ्या मुलीने वैतागून बाईंना आत सोडलं, आगांची पाळी गेली आणि ते घरी परतले. त्यांच्या बायकोने, अख्तरने, कपाळावर हात मारला.

दुसऱ्या मंगळवारी ते एकदाचे आत पोचले, हातात पिस्ते घातलेल्या गझ मिठाईचा डबा घेऊन. आत झोपवून डोळ्यांपुढे लोलक हलवतील असं त्यांना वाटलं होतं. तिथे नुसत्या दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा खोका आणि चार मिनिटं मागे पडलेलं घड्याळ. मेहरनूशबाईंनी समजावून सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहतं, त्या गोळ्या देत नाहीत आणि आठवड्याला पाऊण तास मिळतो. मग विचारलं, कसे आहात? तुमच्या कृपेने उत्तम, आगा म्हणाले. पाठोपाठ त्यांनी बाईंच्या आईची तब्येत विचारली, कुंडीतल्या झाडाचं कौतुक केलं, घड्याळ फुकट दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "इरज आगा, निम्मा वेळ संपला," त्या म्हणाल्या. "या खोलीत मी तारोफ घेत नाही. खरं सांगा, कसे आहात?"

उत्तम म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"बरा नाही," ते म्हणाले. साठ वर्षांत त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग सियामकचं नाव निघालं. धाकटा भाऊ, राहायला शीराझच्याच वाटेवर, शहरेझाला. दीड वर्षापूर्वी तो आगांकडे जेवायला आला आणि परत जाताना ट्रकखाली सापडला.

"तीनदा जायला उठला तो," आगा म्हणाले. "तीनदा मी आग्रह करून बसवला. माझ्या जिवाची शपथ, अजून एक चहा. सोडला असता तर ट्रक यायच्या आधी घरी पोचला असता."

यात तुमचा दोष नाही, हे वाक्य आगांनी शंभर जणांकडून ऐकलं होतं. बाईंनी ते म्हटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तिन्ही वेळा तुमचं मन मोडू नये म्हणून बसला?"

आगांनी बोटांवर मोजून पाहिलं.

"दोनदा," ते सावकाश म्हणाले. "तिसऱ्यांदा नाही ऐकलं माझं. जोडे चढवले, दारापर्यंत गेला. मग आमच्या वडिलांचा काहीतरी विषय निघाला. हसत हसत आपणच परत आला आणि पेला पुढे केला. म्हणाला, दादा, ओत."

हे त्यांना दीड वर्षात आठवलंच नव्हतं. ते लहान मुलासारखे रडले. दुःख तेवढंच होतं, पण आता त्यात सियामक हसत होता.

वेळ संपल्यावर बाईंनी सांगितलं की रस्ता एका दिवसात मोकळा होणार नाही, हळूहळू जाऊ. गझचा डबा मात्र त्यांनी आगांच्या हातात परत दिला.

"हा मुलीला द्या," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही स्वतः नेऊन."

तिसऱ्या मंगळवारी बाहेर पहिल्या मंगळवारच्या त्याच बाई भेटल्या. आगांचा नंबर पुकारला गेला तशी बाईंनी सवयीने पर्स उचलली आणि आगांच्या तोंडाकडे पाहत थांबल्या.

"माफ करा बाई, आज आधी मी," आगा उठत म्हणाले. "मला शीराझला जायचंय."