ताणून धरलेला पट्टा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक दगडी जिना मनात आणा. वरचं दार उघडं आहे. दारात एक मुलगी दोन्ही हात पसरून उकिडवी बसली आहे. खाली, पहिल्या पायरीशी, एक गुबगुबीत तपकिरी कुत्रा धापा टाकतो आहे, आणि त्याच्यामागे त्याला फिरवून आणणारी बाई उभी आहे. त्या दोघांच्या मधे मी आहे. मी एक जुना पट्टा आहे.

एका कारागिराने मला चांगल्या चामड्यातून कापलं आणि दुहेरी शिवण घातली. माझ्या एका टोकाला हाताची मूठ, दुसऱ्या टोकाला पितळी कडी. कडीचा खटका अंगठ्याने मागे ओढला की कुत्रा मोकळा. आधी मी करकरीत होतो. मग भिजून, सुकून आणि अवखळ पिल्लांचे दात लागून मऊ झालो.

माझी मालकीण लोकांची कुत्री फिरवते. तिला सगळे ताई म्हणतात. घरोघरचे कुत्रे न्यायचे, फिरवायचे आणि पंजे पुसून परत पोचवायचे, हे तिचं काम. त्या गुबगुबीत तपकिरी ढब्बूसाठी मात्र एक खास रीत होती. त्याला दारापर्यंत न्यायचं नाही, खालच्या पायरीवरच खटका ओढायचा. मग ढब्बू धडपडत वर धावायचा आणि दारात बसलेल्या टिल्लीच्या अंगावर कोसळायचा. मागे तिचे आजोबा टाळ्या वाजवायचे, "आला, आला, पडला!" त्या कौतुकातला एक घास माझ्याही वाट्याला येतो, असं मला वाटायचं.

पुढे कोपऱ्यावर एक उंच इमारत झाली. तिथे कुत्रीच कुत्री. ताईचा गुडघा कुरकुरू लागला होता. सगळं काम एकाच ठिकाणी मिळालं तर लांबलांबची पायपीट वाचणार होती. पण तिथला व्यवस्थापक म्हणाला, "ताई, तुमच्याबद्दल चांगलं ऐकलंय. पण फोनवर तुमच्या नावाखाली रिव्ह्यू आहेतच किती? ते बघूनच लोक कुत्रा हवाली करतात."

ताईने भावाला विचारलं. तो फोन दुरुस्त करायचा, म्हणजे घरातला पंडितच.

"अगं, दारात कुत्रा शेपूट हलवतो ना, तेव्हा माणूस विरघळतो. तेव्हाच विचार. तवा तापलाय तोवर पोळी भाजून घे!"

"आणि नंतर लिहितो म्हणाले तर?"

"नंतर म्हणजे कधीच नाही. तू हलायचंच नाही तिथून!"

सल्ला तसा वाईट नव्हता. ताई विचारू लागली. लोक "हो, हो" म्हणत कुत्रा आत घेत आणि दार लोटून घेत. मग एकदा तिने रिव्ह्यू मिळेपर्यंत मला सोडलंच नाही. मालकाने मुकाट्याने तिथल्या तिथे लिहून दिलं. झालं! तिला तीच सवय लागली.

एके दिवशी ढब्बूची पाळी आली. खालच्या पायरीवर खटका ओढलाच गेला नाही. मनगटाला माझे वेढे देऊन ताई वर गेली.

"आजोबा, तेवढा रिव्ह्यू…"

"लिहितो की गं. आधी त्याला सोड."

"दोनच मिनिटं, आजोबा."

आजोबा फोन डोळ्यांजवळ नेऊन एकेक अक्षर शोधत होते. चष्मा आत राहिला होता. ढब्बू मागच्या पायांवर उभा राहून कुईकुई करत होता, आणि गळपट्टा त्याच्या गळ्यात रुतत होता. टिल्लीने पसरलेले हात हळूहळू खाली घेतले. मित्रांनो, मी काय करणार? पट्ट्याला अंगठा नसतो. इतकी मजबूत शिवण घातल्याबद्दल त्या दिवशी मला माझ्या कारागिराचा राग आला.

काही दिवसांनी व्यवस्थापकाने तो रिव्ह्यू ताईला मोठ्याने वाचून दाखवला. पाचही तारे होते. खाली लिहिलं होतं, "ताई चांगल्या आहेत. लिहिले. आता कुत्रा द्या."

शेजारी उभं असलेलं कुणीतरी खुदकन हसलं. व्यवस्थापक हसला नाही. "तुम्ही कुत्रा अडवून ठेवता?"

ताईची मान खाली गेली. तिच्या तळहाताला घाम फुटला आणि तो माझ्या चामड्यात मुरला. तो डाग अजून आहे. काम दुसऱ्याला मिळालं.

ताई आजोबांकडे गेली. "चुकलं माझं. ते पुसून टाकाल का?"

"लिहितानाच नाकी नऊ आले, पुसायला कुठून जमणार?" आजोबा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तू त्याला सोडून मग मागितलं असतंस तर चार ओळी लिहिल्या असत्या गं."

मित्रांनो, कौतुक जरूर मागा. पण मागताना दुसऱ्याचं आवडतं काही मुठीत धरू नका. आणि तुमच्या घरी माझ्यासारखा पट्टा असेल, तर त्याच्या कडीला तेल देत जा. सोडायच्या वेळी ती अडता कामा नये.

दुसऱ्या दिवशी ताईने ढब्बूला फिरवून आणलं आणि पहिल्या पायरीशीच खटका ओढला. ढब्बू धावला. ताई मात्र मला गुंडाळत, वर न बघता निघाली.

तेवढ्यात टिल्ली ढब्बूला घेऊन खाली आली. तिने मला ताईच्या हातातून घेतलं, माझी कडी ढब्बूच्या गळपट्ट्यात अडकवली आणि मूठ पुन्हा ताईच्या हातात दिली.

"आजोबांचं बघायचं राहिलं," ती म्हणाली. "ते चष्मा आणायला गेलेत. परत सोडा."

आणि ती जिना चढून गेली, दारात उकिडवी बसली, आणि तिने दोन्ही हात पसरले.