चाफ्यावरची टरफलं

गल्लीतली माणसं माना वर करून माझ्या बाल्कनीकडे बघत होती. आईचा चाफा रडत होता. पानांवरून थेंब ओघळून खालच्या फरशीवर पडत होते आणि बायका ते रुमालाने टिपून कपाळाला लावत होत्या.

आई फेब्रुवारीत गेली. त्याआधी थंडी पडताच, आमच्या इटलीतल्या पालेर्मोत सगळेच करतात तसं, तिने प्रत्येक फांदीच्या टोकावर अंड्याचं टरफल टोपीसारखं घातलं होतं. कोंब गारठू नये म्हणून. ऊन तापलं की ती काढायची असतात. मी काढायला गेले, तर समोरच्या निन्फाकाकू म्हणाल्या, "राहू दे गं. तिच्या हातची शेवटची आहेत."

मी राहू दिली.

मे महिन्यात झाड रडू लागलं आणि कालोजेरो आला. हा मेलेल्यांशी बोलतो. गळ्यात तीन क्रूस, तोंडाला बडीशेपेच्या दारूचा वास. त्याने डोळे मिटून कुंडीवर हात धरला.

"तुझी आई पिएत्रिना म्हणतेय, माझी ओलिवा एकटी पडली."

"बाई गं!" निन्फाकाकूंनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"आणखी म्हणतेय, झाड धुऊ नका, पुसू नका. रविवारी कालोजेरो त्याच्या प्रार्थनाघरात नेईल, तिथेच मला शांती."

"आई तर तुम्हाला भोंदू म्हणायची," मी म्हणाले.

"मेल्यावर माणसं समंजस होतात, पोरी."

खाली कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. एकटी पडले होते, हे खरंच होतं. घरात भिंतभर पुस्तकं, तरी मी दुपारी कुंडीशी बसून "रडू नकोस" म्हणत होते.

पण पानं पिवळी पडत चालली. शनिवारी एक थेंब मनगटावर पडला. चिकट होता. जिभेला लावला, तर गोड. खोडावरून मुंग्यांची रांग चढत होती, ती थेट टरफलांपर्यंत.

रविवारी कालोजेरो हातगाडी घेऊन आला. गल्ली जमलीच होती. मी काकूंपुढे पान धरलं.

"काकू, चाखून बघा."

"मेलेल्या बाईचे अश्रू?"

"माझीच आई आहे. बघा."

त्यांनी बोट लावलं. "अगं, ही तर साखर!"

"पिएत्रिना स्वभावाने गोडच," कालोजेरो लगेच म्हणाला.

"गोड? ती? जन्मभर बोलणी खाल्लीत मी तिची!"

आता गल्ली मोकळेपणी हसली. मी पहिलं टरफल उचललं. आत कापसासारखा पांढरा थर होता: पिठ्या ढेकूण, झाडांवरची कीड. टरफलाच्या आडोशाला ते वाढले होते. कोवळ्या कोंबाचा रस शोषायचा आणि जास्तीची साखर खाली गाळायची, एवढाच त्यांचा चमत्कार. त्या साखरेसाठी मुंग्या त्यांची राखण करत होत्या. सगळी टरफलं काढून मी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवलं आणि एकेक फांदी पुसू लागले.

"आता ती तुझ्याशी कधी बोलायची नाही!" कालोजेरो रिकामी गाडी वळवत ओरडला.

"माहीत आहे," मी म्हणाले.

थेंब थांबले, गर्दी पांगली. जुलैत चार फुलं आली. ती बघायला कोणी आलं नाही. जे वाचत आहेत त्यांना एवढंच सांगते: दुःखात कोणाचा तरी आवाज ऐकावासा वाटतो, त्यात लाज नाही. पण तो ऐकवणारा जेव्हा हात लावू नका म्हणेल, तेव्हा आधी तिथेच हात लावून बघा.

यंदा थंडी पडली. एकट्या माणसाला अंडी लागतात किती? निम्म्या फांद्या उघड्याच राहिल्या. तेव्हा निन्फाकाकू एप्रनच्या ओच्यात टरफलं घेऊन वर आल्या.

"मार्चमध्ये काढ हं," त्या म्हणाल्या.