भुईचाफ्याला ऊन

माझ्या नवऱ्याला जगातलं सगळं कळतं, फक्त विचारून करायचं तेवढं कळत नाही. आमच्या अणदुरात राजपालला बघितलं की लोक आधी हसतात आणि मग नमस्कार करतात. त्याला फक्त नमस्कार दिसतो. गेल्या वाढदिवसाला त्यानं स्वतःच स्वतःचा फ्लेक्स लावला. काळा गॉगल, जोडलेले हात आणि वर 'भावी सरपंच'. शुभेच्छुकांत माझंही नाव होतं. मला विचारलं नव्हतं.

घरामागं कडुलिंबाच्या सावलीत मी भुईचाफा लावलाय. तो माझ्या आईचा, बनाबाईचा. तामलवाडीला तिच्या परसात असायचा. रस्ता रुंद झाला, परस गेलं, घरही गेलं, आणि आई भावाच्या फ्लॅटवर राहायला गेली. जाताना तिनं भुईचाफ्याचे गड्डे उकरून माझ्या पदरात टाकले. "एवढंच उरलंय बग. सांभाळ," म्हणाली. हे गड्डे गेले असते तर तिच्या त्या घरातलं काहीच राहिलं नसतं.

सांभाळायचं म्हणजे तरी काय? सावली द्यायची, पालापाचोळा पांघरायचा. पावसाळ्यात पानं येतात, हिवाळ्यात ती वाळून जातात, मग हात बांधून बसायचं. तेव्हा पाणी घातलं की गड्डा कुजलाच. आणि भर उन्हाळ्यात, एक पान नसताना, भुईतूनच फूल वर येतं, पांढरं-जांभळं आणि वासाचं. पण हात बांधून बसणं आमच्या घरात कुणाला जमतंय!

"माती पाळलीस का गं?" राजपाल येता-जाता विचारायचा. पाव्हणे आले की त्यांनाही मागं न्यायचा, "ही बगा आमच्या बाईसायबांची बाग." पाव्हणेही मेले दात काढायचे.

लावल्यापासून नुसती पानंच येत होती. यंदा मात्र माती फुगली आणि कोंब डोकावले. मी लगेच आईला बुद्धपौर्णिमेला बोलावलं. पहिलं फूल तिच्याच हातानं बुद्धांच्या फोटोपुढं ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले तर लिंब बोडका. फांद्या परसभर पडलेल्या आणि मधोमध राजपाल कुऱ्हाड टेकवून घाम पुसत उभा.

"ह्ये काय केलंत?"

"तुज्या चाफ्याला ऊन केलं. चाफा म्हनल्यावर ऊन पायजे का न्हाय? सावलीत झाड वाडंल कसं? बग आता, छपराला लागतंय का न्हाय."

झाड! म्हणजे हा माणूस इतके दिवस झाडाची वाट बघत होता. चाफा तेवढा ऐकला, त्याच्या आधीची भुई याच्या कानातच शिरली नाही. लोक उचलतात जीभ आणि लावतात टाळ्याला, यानं सरळ कुऱ्हाड उचलली.

"त्याचं झाड व्हत न्हाय. सावलीतलं फूल हाय त्ये."

"मंग त्याला चाफा कशाला म्हनत्यात?" असं विचारून तो चहा मागत आत गेला.

मी तिथंच बसून रडले. कोंबांवर ऊन नुसतं भाजत होतं आणि तोडलेली फांदी काही परत चिकटत नाही. चादर बांधली, ती वाऱ्यानं नेली. मग खोलीतला गुंडाळलेला फ्लेक्स आठवला. निवडणुकीसाठी जपून ठेवलेला, चांगला जाड आणि दारापेक्षा मोठा. काठ्या रोवल्या आणि छापील बाजू खाली करून ताणून बांधला.

राजपाल धावत आला. "अगं, माजं तोंड मातीकडं?"

"वर केलं तर रंग उडंल. काळे पडाल."

"पन लोक काय म्हनतील?"

"भावी सरपंच एवढंबी सोसत न्हाईत व्हय?"

तो खाली वाकून स्वतःचा फोटो बघून आत गेला.

पौर्णिमेला आई आली आणि चहाही न घेता थेट परसात गेली. फ्लेक्सखाली वाकली. भुईवर दोन फुलं उमलली होती. आई तिथंच मांडी घालून बसली. हात लावला नाही, नुसती बघत राहिली. "आलं गं, आलं," म्हणताना तिचे डोळे भरले.

डोळे पुसायला तिनं मान वर केली आणि दचकली. वरून जावई गॉगल लावून, हात जोडून तिच्याकडं बघत होते.

"अगं बया! ह्ये हितं काय करायलेत?"

"सावली," मी म्हणाले. "जलमात पयल्यांदा."