कापलेल्या बैठका

दवाखान्यातून ताईच्या घरी राहायला आलो, तेव्हाच मला वास आला की इथं काहीतरी शिजतंय. मी जीव द्यायला निघालो होतो, ते फसलं. तेव्हापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात, ते समजू शकतो. पण मी खोलीत शिरलो की ताई आणि भावोजी एकदम हवापाण्यावर घसरायचे. भावोजींनी आयुष्यात कधी आभाळाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

माझ्या गोळ्या ताईच्या कुलपात, वेत कापायची सुरीही तिच्याकडेच. कामापुरती द्यायची आणि समोर बसून राहायची. ते डॉक्टरीणबाईंनी माझ्यादेखत ठरवलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. संशय आला तो खुर्च्यांचा.

मी वेताच्या खुर्च्या विणतो. प्लास्टिक आल्यापासून धंदा बसला. शेवटी शेवटी तर दार वाजलं तर कुणाचं तरी घर चुकलं असेल, असंच वाटायचं. आणि आता बघावं तर फाटक्या बैठकीची खुर्ची घेऊन कुणी ना कुणी हजर! आधी वरच्या मजल्यावरची मास्तरीण, मग भावोजींचा दुकानदार मित्र, मग न्हावी. न्हावी तर म्हणाला, "घाई नाही, सावकाश होऊ द्या." गिऱ्हाईक कधी असं म्हणतं का?

"यंदा सगळ्यांचंच वजन वाढलंय वाटतं," मी म्हणालो.

"वाढलं असेल. लोक खातात आणि बसतात," ताई भांडी घासता घासता म्हणाली. मागे वळून पाहिलं नाही तिनं.

न्हाव्याची खुर्ची उलटी केली आणि हात थांबला. बैठक बसून बसून फाटते ती मधोमध. आधी झोळ पडतो, मग कुसळं निघतात. ही चौकटीलगत सरळ गेली होती, आणि वीण अजून घट्ट होती. आधीच्या दोन खुर्च्यांचा काढलेला वेत पोत्यातून उपसून पाहिला. तसाच.

"ताई, ही तुटलेली नाही. कापलेली आहे."

"उंदरानं कुरतडली असेल."

"इतकी सरळ? मग त्या उंदराला कामावर ठेवू."

भावोजींना ठसका लागला आणि ते पाणी प्यायच्या निमित्तानं आत सटकले. ताई मात्र हात पुसत माझ्यासमोर बसली.

"मीच फिरले दारोदार. बैठकाही मीच कापल्या, मास्तरणीची तर तिच्या नकळत," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, सकाळी उठायला याला काहीतरी कारण हवं. म्हटलं, हात गुंतले की डोकं ताळ्यावर येईल."

"म्हणजे माझं कुणालाच काम नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून चांगल्या खुर्च्या फाडल्या."

राग खुर्च्यांवरून होता, पण खरी गोष्ट निराळीच होती. जीव द्यायचा विचार कालपासून परत डोक्यात होता, आणि उद्याच्या तपासणीला बाईंपुढे "बरा आहे" म्हणून सुटायचं मी ठरवून टाकलं होतं.

ताईनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बाईंनी मला आणखी एक सांगितलं होतं. सरळ विचार म्हणून. माझी जीभच वळेना. वाटायचं, मी विचारलं आणि तुझ्या डोक्यात भरलं तर?" तिनं मधली खुर्ची बाजूला सारली. "मरावंसं वाटतंय का रे तुला?"

"ते तुझ्या विचारण्याची वाट बघत नाही, ताई. कालपासून आहे."

मला वाटलं ती रडून घर डोक्यावर घेईल. तिनं माझं मनगट धरलं. "काम असो नसो, तू मला हवायस. एवढं सांगायचं सोडून खुर्च्या गोळा करत फिरले बघ मी." मग आत ओरडली, "अहो, पाणी पुरे झालं! बाईंना फोन लावा." बाईंनी उद्याची वाट बघू नका, आत्ताच या, असं सांगितलं. रिक्षात बसल्यावरही तिनं मनगट सोडलं नाही. पळून जाईन अशी तिला शंका असावी, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. सगळं ऐकून घेतलं, गोळ्या बदलल्या, पुन्हा लवकर बोलावलं. शेवटी विचारलं, "घरी असं वाटलं तर कुणाला सांगाल?"

मी ताईकडे नीट पाहिलं.

"हिला. पण ही खोटं बोलते."

"आता नाही बोलणार," ताई म्हणाली.

"बघू," मी म्हणालो. "उद्या सकाळी आधी मास्तरणीकडे जाऊ. तिची खुर्ची कुणी कापली ते तू तिच्यासमोर सांग. मग विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतो."

"येईन," ती म्हणाली. "तू उठव मला."