ठिपकीचे दीड हात दावे

मित्रांनो, मी एक जुने दावे आहे. दावे म्हणजे गाय बांधायची दोरी. गाईच्या गळ्यापासून भिंतीतल्या कडीपर्यंत जेवढी जागा, तेवढेच माझे जग. देवाचे नाव घेऊन सांगायला सुरुवात करते आहे, तेव्हा तोंडून वेडेवाकडे काही जाऊ नये एवढीच इच्छा. पण राग आहे, आणि तो लपवून मी काय करू?

मी तागाचे. दोरखंड वळणाऱ्या एका जोडप्याने मला अंगणात वळले. तो एका टोकाला पीळ देत होता आणि ती दुसरे टोक धरून पाठमोरी मागे मागे जात होती. जाता जाता ती नवऱ्याला म्हणाली, की संसारात मी अशीच मागे सरत आले, पण पीळ काही सुटला नाही. दोघेही हसले. त्या हसण्यातच माझी शेवटची गाठ बसली. मी चांगले चार हात लांब, मऊ आणि मजबूत होते. वाटले, एखाद्या गाईच्या गळ्यात पडू आणि सुखाने राहू.

पडले ते ठिपकीच्या गळ्यात. पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके, स्वभावाने गरीब, दुधाला भरपूर. तिचा गोठा घराला लागूनच होता. खाली कोबा, समोर गव्हाण आणि गव्हाणीच्या वर भिंतीत एक लोखंडी कडी, माणसाच्या छातीइतकी उंच. त्या कडीला मला बांधायचे. घरात म्हातारे मालक, त्यांची बायको आणि सून अशी तीन माणसे. मुलगा दूर नोकरीला होता. सून सासऱ्यांना मामंजी म्हणे.

मालक वाईट नव्हते हो. रोज सकाळी ठिपकीच्या पाठीवर हात ठेवून ते देवाचे आभार मानीत. आधी तिला वैरण, मग स्वतःला चहा. पण त्यांच्या मनात एक भीती घर करून होती. ठिपकीच्या आधी त्यांची एक गाय होती. ती व्यायली आणि दुसऱ्या दिवशी बसली. तुम्हाला ठाऊक असेल, गुरे पाळणारी माणसे 'गाय बसली' म्हणतात तेव्हा ती खाली टेकली एवढाच अर्थ नसतो. ती आता उठणार नाही, असा अर्थ असतो. ती गाय उठली नाही. मालक दोन दिवस तिच्याजवळ होते. तिसऱ्या दिवशी गोठा धुताना ते म्हणाले, "या गोठ्यात आता गाय बसायची नाही."

आणि त्यांनी शब्द खरा केला. मला कडीभोवती वेढे देऊन देऊन इतके आखूड केले, की चार हातांतले दीड हात तेवढे उरले. बाकीचे अडीच हात मी कडीवर वेटोळे घालून नुसते लोंबत होते.

आता नीट ऐका, कारण माझे दुखणे इथेच आहे. गाय खाली बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, मान खाली जाते, मग मागचे अंग सोडते. ठिपकी गुडघे टेकायची. मान खाली जाता जाता मी ताणले जायचे. तिची हनुवटी अधांतरी लटकायची. क्षणभर ती तशीच थांबायची आणि पुन्हा उभी राहायची. दिवसातून वीस वेळा. ज्या देवाने गाईला चार पाय दिले, त्यानेच ते दुमडायलाही शिकवले. त्याने दिलेली गोष्ट मी दीड हाताने हिरावून घेत होते, आणि अडीच हात माझ्याच डोक्यावर रिकामे बसले होते!

वर कौतुक ऐकायचे. शेजारी एक काटकुळा माणूस होता. सारे त्याला पैलवान म्हणत. तो रोज येऊन ठिपकीकडे बघायचा. मालक छाती फुगवून सांगायचे, की तीन वर्षांत माझी गाय एकदासुद्धा बसलेली नाही. पैलवान मान डोलवायचा आणि मला चाचपून म्हणायचा, की दावे असावे तर असे. मित्रांनो, मला तेव्हा जळून जावेसे वाटे.

घरात एकच माणूस बघत होते. सूनबाई. धार तीच काढायची, त्यामुळे ठिपकीचे पाय तिच्या डोळ्यांसमोर असत. ठिपकी मागचे पाय आळीपाळीने उचलते, गुडघ्यांवरचे केस झडले आहेत, दूध तांब्याभर कमी झाले आहे, हे तिने हेरले. त्यात ठिपकी गाभण, सातवा महिना. वासराचे ओझे वाढत होते आणि ते पेलणारे पाय रोज थोडे थोडे संपत होते.

तिने सासूला सांगितले. सासूबाई देवाचे गाणे गुणगुणत शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, मी चाळीस वर्षांत त्यांच्यापुढे बोलले नाही, तू दोन वर्षांत बोलणार? मग गाणे तिथेच सोडून हळूच म्हणाल्या, "मी त्यांना जेवायला बसवते. तोवर तू तिला बसव."

भर दुपारी सूनबाई गोठ्यात आली. माझी गाठ तीन वर्षे शेणापाण्यात भिजून आणि वाळून दगड झाली होती. तिने नखे मोडून घेतली, मग विळ्याचे टोक खुपसले. मला सुटायचे होते आणि मीच सुटत नव्हते. शेवटी दोन वेढे उलगडले. ठिपकीने सवयीने गुडघे टेकले, मान खाली नेली, ओढ लागायची वाट पाहिली. ओढ लागली नाही. मग तिने मागचे अंग सोडले आणि असा सुस्कारा टाकला, की गव्हाणीतला भुसा उडाला. डोळे मिटून, मान कुशीवर टाकून ती झोपली. तीन वर्षांनी.

तेवढ्यात मालक हात धुवायला बाहेर आले. गाय खाली, मान वाकडी, डोळे मिटलेले. त्यांच्या हातातला तांब्या पडला.

"बसली! अरे धावा, गाय बसली!"

पैलवान धावला, आणखी दोघे धावले. कोणी पोटाखाली वासा घातला, कोणी शेपटी पिरगाळली. ठिपकी दचकून उठली. मालकांच्या डोळ्यांत पाणी होते. वेळेवर पाहिले म्हणून वाचली, असे ते ज्याला त्याला सांगत होते. सूनबाई पुढे झाली.

"मामंजी, ती 'बसली' नव्हती. ती नुसती बसली होती."

"शब्दांचे खेळ मला नको शिकवू," मालक म्हणाले, आणि त्यांनी सुटलेले दोन वेढे परत घालून मला वर आणखी एक वेढा दिला. आता मी हातभर उरले.

आठ दिवसांत ठिपकी लंगडू लागली. तेव्हा गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी खूर दाबून पाहिले आणि विचारले, गाय दिवसात किती वेळ बसते? मालकांनी अभिमानाने सांगितले, की बसतच नाही. एकदा बसली होती, ती चौघांनी उठवली. डॉक्टरांनी खूर हलकेच खाली ठेवले.

"आजोबा, गाईला दिवसाचे दहा-बारा तास बसायला लागतं. उभं राहून राहून खुरं गेलीत तिची. अशीच ठेवलीत तर विताना ही खरंच बसेल. मग चौघं काय, चाळीस आले तरी उठायची नाही."

मालकांनी खाली वाकून ते खूर स्वतःच्या हातात घेतले. मग त्यांनी विचारले, "आणि माझी ती आधीची?"

"ती बसली म्हणून गेली नाही. आजारी पडली, म्हणून बसली."

मालकांनी मला सोडायला हात घातला. सुटेना. त्यांनी विळा आणला आणि गाठ कापली. माझा हातभर तुकडा खाली पडला, त्याचे मला काही वाटले नाही. कोब्यावर त्यांनी भुशाचा जाड थर पसरला, पालथ्या बादलीवर बसून माझे टोक हातात सैल धरले आणि वाट पाहू लागले. ठिपकी गुडघे टेकायची आणि दावे सैल असूनही, आता ओढ लागेल या भीतीने पुन्हा उठायची. पहिल्या दिवशी ती बसली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. जेवणाचे ताट सूनबाई गोठ्यातच आणून देई.

तिसऱ्या दिवशी ठिपकी बसली. ती मान कुशीवर टाकून निजली, तेव्हा ते अलगद उठले आणि त्यांनी माझी नवी गाठ मारली. गाय बसलेली असताना, तिच्या झोपेच्या मापाने.

ती व्यायली तेव्हा एक खूर अधूच होते. ते कधी बरे झाले नाही. वासरू झाल्यावर ती पडून राहिली. हाक मारायला मालकांनी तोंड उघडले, आणि स्वतःच आपल्या हाताने ते झाकले. सूनबाई त्यांच्याशेजारी उभी होती. ठिपकी एकदा धडपडली, दुसऱ्यांदा घसरली, तिसऱ्यांदा उठली आणि वासराला चाटू लागली.

गोष्ट इथे गोड झाली असती, मित्रांनो. पण मालकांची ती जुनी फुशारकी पैलवानाने मनावर घेतली होती. भिंतीपलीकडे त्याची गाय आज दीड हात दाव्यावर उभी आहे. मालक दोनदा सांगून आले. स्वतःची गाय लंगडली म्हणून मालक जळतात, असे तो म्हणतो. पलीकडे गुडघे टेकल्याचा आवाज येतो, मग उठल्याचा. मी ऐकते. दोरीला हाक मारता येत नाही.

तुम्हाला येते. कुठल्याही गोठ्यात जा, गाईजवळ थोडे थांबा आणि ती गुडघे टेकून पुन्हा उठते का ते पाहा. उठत असेल, तर मालकाला आदराने सांगा. तो रागावेल, तरी सांगा. काका, ही नीट बसेपर्यंत वाट पाहा, आणि मग दाव्याची गाठ मारा.