अमेरिकेच्या तारखेचा मुहूर्त

अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी आल्या दिवशीच एका हुकमावर सही केली आणि आठवडा उलटायच्या आत देवळ्याहून माझ्या विहीणबाईंचा, कमळाबाईंचा, फोन आला. "पंचवटीतल्या गुरुजींकडं जा आन् एकोणीस तारखेच्या आतला मुहूर्त काढून आना."

मुहूर्त लग्नाचा नव्हता की वास्तुशांतीचा नव्हता. माझ्या लेकीच्या सिझरचा होता.

हुकूम असा होता की आई-बाप तिथे कामाच्या व्हिसावर असतील, तर त्यांचं मूल अमेरिकेत जन्मलं तरी ते अमेरिकेचं नागरिक नाही. फेब्रुवारीची एकोणीस तारीख उलटल्यावर जन्मणाऱ्या बाळांना हा नियम लागू होणार होता. माझी तृप्ती आणि जावई धनराज, दोघंही व्हिसावर. ग्रीन कार्डाची रांग एवढी लांब, की धनराज चेष्टेने म्हणायचा, नातवंडांच्या लग्नापर्यंत आपला नंबर लागेल. तृप्तीला आठवा लागला होता आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख मार्चच्या मध्यातली होती. पहिलं बाळंतपण म्हणजे खरं तर माहेरी यायला हवी होती, पण इथे आल्यावर परतीचा शिक्का पासपोर्टवर कधी बसेल याची खात्री कोण देणार? म्हणून मीच मार्चच्या सुरुवातीचं तिकीट काढून बसले होते. हे असते तर त्यांनी सगळं निस्तरलं असतं. ते गेल्यापासून मला साधा बँकेचा फोन आला तरी छातीत धडधडतं.

मी उभी हयात सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आदेश ही काय चीज असते ते मला कुणी शिकवू नये. सोमवारी आदेश निघतो, बुधवारी त्याचं शुद्धिपत्रक येतं, शुक्रवारी पुढील आदेशापर्यंत स्थगिती, आणि तोवर साहेबांची बदली झालेली असते. आम्ही दुपारी डबे उघडून हसायचो आणि म्हणायचो, अमेरिकेत असं चालत नाही बरं का. त्याच भरवशावर मी पोरीला तिकडे जाऊ दिलं. आता बघते तर अध्यक्षांचा आदेश, त्यावर एका न्यायाधीशाची स्थगिती, तीही थोड्या दिवसांपुरती, मग दुसऱ्या राज्यात दुसरा न्यायाधीश, सरकार म्हणतंय वरच्या कोर्टात जाऊ, आणि तृप्तीने दवाखान्यात विचारलं तर म्हणे आम्हाला अजून काही कळवलेलं नाही. अगदी आमची कचेरी. आमच्या गोंधळात फार तर कुणाची वेतनवाढ अडकायची. इथे पोटातलं मूल अडकलं होतं.

सकाळी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा धनराजच बोलायला बसला होता. तृप्ती त्याच्या शेजारी उशीला टेकून गप्प.

"आई, स्थगिती आहे, पण ती कधी उठेल ते वकिलालाही सांगता येत नाहीये," तो म्हणाला. "उठली तर आपलं बाळ तिथल्या तिथे बेकायदा. एकोणीसच्या आत सिझर झालं की विषय संपला."

"चार आठवडे आधी? डॉक्टर तयार होतील?"

"एक ओळखीच्या आहेत, आपल्याकडच्याच. आधी नाही म्हणाल्या. पण तृप्तीचं बीपी थोडं वर असतं, त्यात बसवता येईल."

"आणि बाळाचं? त्याची छाती तयार झालेली असते का तोवर?"

"बहुतेक बाळं व्यवस्थित असतात, आई."

सबंध दिवस तो 'बहुतेक' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. भाजी फोडणीला टाकली आणि मीठ दोनदा घातलं.

धनराज वाईट माणूस नाही. कांद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. भाव पडायच्या आत माल बाहेर काढायचा, हे त्याने लहानपणापासून बघितलेलं. घाबरला की त्याला तेवढंच सुचतं. पण माझी पोर म्हणजे कांद्याची चाळ नव्हे, हे त्याला सांगणार कोण? जावयाला तोंडावर 'नको' म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मुलीच्या आईने साडी-चोळी करायची, लाडू करायचे आणि हो ला हो करायचं. माझ्या हातात राहिला होता तो मुहूर्त. कमळाबाई पंचांगाशिवाय पाऊल उचलत नाहीत आणि धनराज आईचा शब्द मोडत नाही. गुरुजींनी दिवस वाईट आहेत म्हटलं की काम झालं.

पंचवटीत मालेगाव स्टँडला रिक्षा सोडली आणि गुरुजींकडे गेले. त्यांनी चष्मा चढवला, पंचांग उघडलं.

"उघडू नका," मी म्हणाले. "एकोणीसच्या आत एकही चांगला दिवस नाही, एवढंच देवळ्याला फोन करून सांगा. दक्षिणा तुम्ही म्हणाल ती."

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "या आठवड्यात अमेरिकेच्या तारखेचे मुहूर्त काढायला बरीच मंडळी येऊन गेली, ताई. मुहूर्त नाही असं सांगा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." त्यांनी पान उलटलं, बोट फिरवलं. "सतरा तारीख उत्तम आहे. ती वाईट कशी म्हणू? आज तुमच्यासाठी खोटं बोललो, तर उद्या त्यांच्यासाठीही बोलेन."

"मग माझी लेक गेली खड्ड्यात?"

"तसं मी कुठे म्हटलं? पण नको आहे ते तुम्हाला. मग नको असं तुम्हीच का सांगत नाही?"

मी तरातरा उठले. राग गुरुजींचा नव्हता, पण समोर तेच होते. रस्त्यात मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांचा कॉल लागला. एका चौकटीत तृप्ती आणि धनराज, एका चौकटीत कमळाबाईंचं कपाळ, कारण त्यांना फोन धरता येत नाही.

"काय निघालं मग?" कमळाबाईंनी विचारलं.

"सतरा तारीख," मी म्हणाले. "गुरुजी म्हणाले, उत्तम आहे."

धनराजने सुटकेचा श्वास सोडला. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"पण मला हे नको आहे," मी म्हणाले. "जावईबापू, राग आला तर येऊ द्या. बाळ पुरं व्हायच्या आत काढायचं नाही."

"ओ विहीणबाई, लेकराचं भलं हाय त्यात," कमळाबाई म्हणाल्या. "चार आठवड्यानं काय होतंय? माझा धनराज आठव्यातच झाला. हाय का त्याला काही?"

"तुमच्याकडे तेव्हा इलाज नव्हता. इथे आपण मुद्दाम करतोय."

"आई, उद्या स्थगिती उठली तर जबाबदारी कोण घेणार?" धनराजचा आवाज चढला. "तुम्हाला तिथे बसून सोपं आहे. सतराला ऑपरेशन झालं तर एकोणीसच्या आत…"

"सतरा काय आणि अठरा काय, कोर्टाने उद्या ती तारीखच बदलली तर? आदेश कसे फिरतात ते मला विचारा. मग काय परत पोटात घालणार आहात?"

"थांबा," तृप्ती म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक होता की आधी कुणाला ऐकूच गेला नाही. "सगळेच थांबा."

आम्ही थांबलो.

"इतके दिवस झाले, तुम्ही सगळे तारखेबद्दल बोलताय. मी कशी आहे, कुणी विचारलंय मला? धनराजने नाही, मम्मी, तुम्ही नाही. आई, तू तरी?"

मी नव्हतं विचारलं. रोज फोन करत होते, रोज कोर्टात काय झालं ते विचारत होते.

"बाळ हललं की आधी मी हसायचे," ती म्हणाली. "आता हललं की मी किती दिवस उरले ते मोजते. त्या सरकारातल्या लोकांना स्वतः काय करतोय ते कळत नाही, आज एक बोलतात, उद्या दुसरं. त्यांचं ठरत नाही म्हणून मी माझं बाळ अर्धवट बाहेर काढू? नाही काढणार. ते कुठल्या देशाचं ठरायचं ते ठरू दे. मी थांबणार आहे."

कमळाबाईंनी फोन ठेवला. धनराज उठून गेला. तृप्ती पडद्यावर एकटीच राहिली आणि मी पहिल्यांदा तिला विचारलं, पाय सुजतात का गं. ती जी रडायला लागली, ती बराच वेळ.

एकोणीस तारीख आली आणि गेली. स्थगिती होती. पण मला सुख नव्हतं. आता बातम्या मी आधीपेक्षा जास्त बघायला लागले. देवळ्याहून फोन बंद झाला होता. उद्या कोर्टाने हात झटकले आणि नातवंड बिनदेशाचं ठरलं, तर बोल मलाच लागणार होता. एकदा तर वाटलं, आपण पोरीचं वाटोळं केलं. विमानात बसले तेव्हाही मनात तेच चाललं होतं.

मार्चच्या मध्यात तृप्तीला मुलगी झाली, दिवस पुरे भरून. नर्सने गुंडाळून आधी धनराजच्या हातात दिली. तो तिच्याकडे बघत उभा राहिला आणि एकदम त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "हिला मी महिनाभर आधी काढणार होतो, आई," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानेच देवळ्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. कमळाबाई म्हणाल्या, "वजन किती भरलं?"

"सव्वातीन किलो."

"अगं बाई, चांगलं हाय की. रडली का लगेच?"

"लगेच रडली."

"आन् तृप्ती? दमली असंल पोर. तिला म्हनावं, नीज."

लेकरू कुठल्या देशाचं ठरलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? इथे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.