पुसट ओरखडा

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, इंजिनाची खडखड अर्ध्या कानाने ऐकली आणि निकाल दिला, "साहेब, इंजिनच बदला." जो वैद्य नाडीला हात न लावता रोगीच बदलायला सांगतो, त्याच्याशी वाद घालणे पंडितांच्या शिस्तीत बसत नव्हते. ते फक्त त्याच्याकडे इतक्या थंडपणे पाहत राहिले की त्याने बॉनेट आपणहून बंद केले.

पंडित हे त्यांचे आडनाव नव्हे. बायकोने चेष्टेने ठेवलेले नाव. एकाच ग्रंथाच्या जुन्या नकला शेजारी मांडून मूळ शब्द कोणता असेल ते ठरवण्यात त्यांची हयात गेली होती. गाडी मात्र बायकोची. ती सुईण होती आणि शहराबाहेरच्या वस्त्यांत घरोघर जाऊन बाळंतपणे करी. सोमवारपर्यंत गाडी नसेल तर तिचा भाग दुसऱ्या सुईणीला देऊ, असे आरोग्य कचेरीतून फोनवर सांगण्यात आले होते. तिच्या हातांत जन्मलेल्या मुलींपैकी काहींचे आता स्वतःचेच दिवस भरत आले होते.

"टायमिंग चेन ताणली गेलीय, बाकी काही नाही," पंडित तिला म्हणाले. "सायकलला असते तशी साखळी. पिस्टन हलवणारा खालचा दांडा आणि व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा एका तालात फिरवते. मी बदलतो."

"तुम्ही? अहो, नळ बदललात तेव्हा खालच्यांच्या दिवाणखान्यात पाणी शिरलं होतं."

"त्या नळाविषयी विश्वसनीय साहित्य उपलब्ध नव्हतं."

"आणि ताल चुकला तर?"

"पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतील. मग गॅरेजवाला म्हणतो ते खरं ठरेल." हे शेवटचे वाक्य उच्चारताना त्यांना खरोखर यातना झाल्या.

रविवारी सकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी इंजिन उघडले. काढलेला प्रत्येक बोल्ट ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवला. स्पार्क प्लग एका वाडग्यात गेले. दुपारपर्यंत जुनी साखळी बाहेर आली. हातात धरली तर थकलेल्या कंबरेसारखी वाकत होती. नवीन साखळीच्या रंगीत कड्या चक्रांवरच्या खुणांसमोर बसवायच्या, एवढेच उरले होते.

आणि तेथे वरच्या चक्राने त्यांच्यापुढे पाठभेद उभा केला. एक खूण ठसठशीत, गोल, ठोकून उमटवलेली. दुसरी काही दाते सोडून, जेमतेम दिसणारा एक तिरपा ओरखडा. दुसरा कोणीही गोल खूण धरून मोकळा झाला असता. परंतु नक्कल उतरवणारा अवघड ते सोपे करतो, सोपे ते अवघड कधीच करत नाही. म्हणून दोन पाठांतला जो दुर्बोध तोच मूळ, या तत्त्वावर पंडितांनी भल्याभल्यांच्या आवृत्त्या धुळीला मिळवल्या होत्या. त्यांनी ओरखडा निवडला.

"चालू करायच्या आधी हाताने फिरवून बघू," ते बायकोला म्हणाले. "मी वरून बॅटरीचा उजेड धरतो. तू खालच्या बोल्टला पाना लाव."

तिने पाना लावला. दांडा सावकाश फिरू लागला आणि मध्येच ती थांबली.

"काय झालं? लाव जोर."

"नाही लावणार."

"अगं, आत हवा दाबली जाते, तिचा अडसर असतो. रेट जरा!"

"प्लग त्या वाडग्यात आहेत, पंडित. भोकं उघडी आहेत, हवा कशाला अडेल? हवा अडली की हाताला मऊ लागतं. हे टणक आहे." तिने पान्यावरची पकड सैल केली. "अडलं की रेटायचं नसतं. किती नवऱ्यांना मी हे दाराबाहेर उभं करून सांगितलंय."

पंडित वाकले. बॅटरीच्या उजेडात तो ओरखडा त्यांनी प्रथमच विद्वत्ता बाजूला ठेवून पाहिला. पूर्वी कोणाचा तरी स्क्रूड्रायव्हर घसरला होता. मूळ पाठ नव्हे, शुद्ध धसमुसळेपणा.

"गोल खूण खरी," ते एवढेच म्हणाले.

"मग उलटं फिरवू? हळू?"

"हळू."

तिने दांडा हलकेच मागे आणला. त्यांनी साखळीला ताण देणारा टेन्शनर पुन्हा दाबून धरला, साखळी उतरवली आणि गोल खुणेवर चढवली. तिने पुन्हा पाना फिरवला. एक फेरा, मग दुसरा. कोठेही काही टेकले नाही.

उन्हे उतरताना झाकणे बसली, तेल भरले, किल्ली फिरली. क्षणभर खडखड झाली, तेल वर चढले आणि इंजिन स्वतःशीच बोलल्यासारखे एका सुरात चालू राहिले. तिने काळ्या अंगठ्याने कचेरीतल्या बाईंच्या घरी फोन लावला. "बाई, माझा भाग कुणाला देऊ नका. उद्या मीच येतेय."

पंडितांना आपल्या ग्रंथांतले ऋणनिर्देश आठवले. संस्था, ग्रंथपाल, दिवंगत गुरू. आणि तळाशी, मुद्रितशोधकाच्याही खाली, ‘सौ.चे सहकार्य’. असली कृतघ्नता दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात आढळती, तर त्यांनी तिच्यावर निबंध लिहिला असता.

"अगं, ज्या क्षणी मी, निव्वळ एका सिद्धांताच्या आहारी जाऊन, तुला जोर लावायला सांगत होतो, त्या क्षणी जर तू..."

"हे वाक्य संपेपर्यंत टाकी रिकामी होईल. बसा आत, एक चक्कर मारून येऊ."

ते बसले. कोपऱ्यावरच्या वळणावर गिअर बदलून मोकळा झालेला तिचा तेलकट हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. पुढचा गिअर टाकायची वेळ आली, तरी सोडला नाही.

"अहो, गाडी ओरडतेय," ती म्हणाली.

"ओरडू दे," पंडित म्हणाले. "ऐकायला बरं वाटतंय."